गप्पांसाठी कोणतं अ‍ॅप घ्यावं? नवख्यांसाठी सुरुवातीपासून

"सगळ्यात चांगलं अ‍ॅप कोणतं?" हा प्रश्न सोसायटीतल्या निवृत्त काकांपासून पहिल्यांदाच हॉस्टेलला निघालेल्या पोरापर्यंत सगळेच विचारतात. मी उलट विचारतो, बोलायचंय कोणाशी? शाळेच्या बॅचशी, दुबईत नोकरीला गेलेल्या मित्राशी, की ऑनलाइन बुद्धिबळ खेळताना ओळख झालेल्या, कधीच न भेटलेल्या माणसाशी? तिघांसाठी उत्तरं वेगवेगळी आहेत. आणि त्यांतला मुख्य फरक एकाच गोष्टीवर ठरतो: समोरच्याला तुमचा मोबाइल नंबर कळणार की नाही. स्टिकर आणि फिल्टर सगळीकडे सारखेच असतात, त्यांच्यावरून काही ठरवू नका.

पायरी 1: आधी यादी करा

प्ले स्टोअर उघडण्याआधी कागद घ्या. ज्यांच्याशी खरोखर संपर्क ठेवायचा आहे अशा दहा-पंधरा जणांची नावं लिहा. प्रत्येकापुढे तो कुठे राहतो आणि सध्या काय वापरतो ते लिहा. माहीत नसेल तर सरळ फोन करून विचारा, त्या निमित्ताने बोलणंही होईल.

बहुतेकांच्या यादीत दहापैकी नऊ नावांपुढे व्हॉट्सअ‍ॅप येईल, आणि त्यात काही गैर नाही. 2021च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या अटींवरून गदारोळ झाला, तेव्हा लोक सिग्नल आणि टेलिग्रामकडे धावले. 2025च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात झोहो या भारतीय कंपनीच्या अरट्टईची तशीच लाट आली. दोन्ही वेळा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी नवं अ‍ॅप घेतलं, दोन-चार जणांना "हाय" पाठवलं आणि आठवड्याभरात जुन्या घरी परतले. एकट्याने अ‍ॅप बदलून उपयोग होत नाही, टोळकं बदलावं लागतं. एखादं नवं अ‍ॅप मनापासून आवडलं असेल तर सगळ्या बॅचला ओढायच्या भानगडीत पडू नका. सगळ्यात जवळच्या तीन-चार जणांना तयार करा, तेवढे टिकले तरी पुष्कळ.

पायरी 2: नंबर द्यायचा की नाही?

व्हॉट्सअ‍ॅपवर तुमची ओळख म्हणजे तुमचा नंबर. ग्रुपमध्ये गेलात की तिथल्या सगळ्यांना तो दिसतो, आणि एका ग्रुपमध्ये 1024 माणसं मावतात. वर्गमित्र, नातेवाईक, ऑफिसमधली माणसं यांच्याकडे नंबर तसाही असतो, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण "सह्याद्री भटकंती" अशा नावाच्या, लिंकवरून कोणीही आत शिरतं अशा ग्रुपमध्ये जाताना विचार करा, विशेषतः मुलींनी. नंबर एकदा बाहेर गेला की परत घेता येत नाही.

अनोळखी माणसांशी छंदापुरती ओळख करायची असेल तर पर्याय आहेत.

टेलिग्राम सुरू करायला नंबर लागतो, पण तो इतरांपासून लपवता येतो आणि लोकांना फक्त युजरनेम देऊन भागतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन फोन नंबरपुढे "नोबडी" निवडायचं. हे पहिल्याच दिवशी करा. ग्रुप अवाढव्य असतात, 2 लाख सभासदांपर्यंत. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स वाटणारी मंडळी तिथे सापडतात ती त्यामुळेच. मात्र एक गैरसमज घट्ट बसलाय: टेलिग्राम म्हणजे एकदम गुप्त. तसं नाही. तिथल्या साध्या गप्पा कंपनीच्या सर्व्हरवर साठतात आणि त्यांना दोन टोकांमधलं कुलूप नसतं. "सीक्रेट चॅट" मुद्दाम सुरू केलं तरच ते लागतं, आणि ग्रुपला तर ती सोयच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र 2016पासून सगळ्या खासगी गप्पांना असं कुलूप आपोआप आहे. म्हणजे मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो, मधे कंपनीलाही वाचता येत नाही. कोण कोणाशी आणि कधी बोललं ही माहिती मात्र कंपनीकडे राहू शकते.

सिग्नल या बाबतीत सगळ्यांत काटेकोर. ते नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेचं आहे, जाहिराती नाहीत, आणि 2024पासून तिथेही युजरनेम आलं, त्यामुळे नंबर न देता बोलता येतं. गंमत म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचं कुलूपही सिग्नलच्याच पद्धतीवर बेतलेलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन संस्थापकांपैकी ब्रायन अ‍ॅक्टन कंपनीतून बाहेर पडले आणि 2018मध्ये त्यांनी सिग्नलच्या संस्थेला 5 कोटी डॉलर दिले. अडचण तीच, तिथे आपले लोक कमी. पण तब्येत, पैसा, घरगुती भांडणं असं मोकळेपणाने बोलायचं असेल अशा दोन-तीन जिवलगांसाठी मी सिग्नलच सुचवतो.

डिस्कॉर्ड चाळिशीपुढच्या वाचकांनी बहुधा फक्त मुलांच्या तोंडून ऐकलं असेल. ते 2015मध्ये गेम खेळणाऱ्यांसाठी निघालं, आता तिथे चित्रकला, प्रोग्रॅमिंग, भाषा शिकणं असे हरतऱ्हेचे अड्डे आहेत. साधारणपणे ईमेलवर खातं उघडतं. प्रत्येक अड्ड्याला "सर्व्हर" म्हणतात आणि त्यात विषयवार खोल्या असतात. मला आवडते ती तिथली आवाजाची खोली. कोणी कोणाला फोन लावत नाही, रिंग वाजत नाही. चहाच्या टपरीवरच्या कट्ट्यासारखं आहे ते: आत कोण बसलंय हे बाहेरूनच दिसतं, वाटलं तर जाऊन बसायचं, कंटाळा आला की उठायचं. वेगवेगळ्या शहरांत पांगलेल्या कॉलेजच्या पाच-सहा जणांसाठी ही सोय फार चांगली आहे, रात्री जेवणानंतर कोणी ना कोणी बसलेलं सापडतं. फक्त तिथल्या लेखी मजकुराला दोन टोकांमधलं कुलूप नाही हे ध्यानात ठेवा, आणि सेटिंग्जमध्ये जाऊन सर्व्हरवरच्या अनोळखी सभासदांचे थेट मेसेज बंद करा. डिस्कॉर्ड आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हींसाठी किमान वय 13 आहे. घरात लहान मुलं असतील तर हे विसरू नका.

पायरी 3: मित्र परदेशात असेल तर

इथे आवडनिवड बाजूला राहते, त्या देशाचे नियम आधी बघावे लागतात.

दुबई, अबुधाबीकडे व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि व्हॉइस नोट जातात, पण कॉल लागत नाही. तिथे परवानगी असलेली बोटिमसारखी वेगळी अ‍ॅप्स वापरतात. तेव्हा नवा गेलेला मित्र "फोनच उचलत नाही" म्हणून रुसू नका. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप बंद आहे, आणि तिथे सगळे वापरतात त्या वीचॅटवर भारताने 2020च्या जूनमध्ये बंदी घातली. म्हणजे दोन्हीकडून दार बंद. तिथे गेलेल्या माणसाचा ईमेल पत्ता निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा, आणि तो जीमेलचा नको, कारण जीमेलही तिथे उघडत नाही. रशियात वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली बरीच मराठी मुलं आहेत. 2025च्या ऑगस्टपासून तिथे व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामच्या कॉलवर निर्बंध सुरू झाले, आणि सिग्नल त्याच्या वर्षभर आधीच बंद केलं होतं. घरच्यांनी एखाद्या साधनावर विसंबून न राहता दुसरी वाट तयार ठेवावी.

अमेरिका-युरोपात प्रश्न बंदीचा नसतो, घड्याळाचा असतो. पुण्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सकाळचे साडेआठ असतात, आणि हिवाळ्यात साडेसात. दोघांनाही सोयीची वेळ आठवड्यातून एकदाच जमते. मग ती ठरवूनच टाकावी, शनिवार रात्र म्हणजे शनिवार रात्र. बाकीच्या दिवशी व्हॉइस नोट. दोन मिनिटांची व्हॉइस नोट ही मला टाइप केलेल्या वीस ओळींपेक्षा मोलाची वाटते, कारण त्यात मागे कुकरची शिट्टीही ऐकू येते.

तिघा-चौघांनी एकत्र व्हिडिओवर बोलायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर 32 जणांपर्यंत कॉल होतो. संमेलनासारखा मोठा जमाव असेल तर गूगल मीट किंवा झूमची लिंक पाठवा. फुकट खात्यावर मीट तीन किंवा जास्त जणांना 60 मिनिटं देतं आणि झूम 40 मिनिटं. झूमवर नेमकी एखादी गाण्याची मैफल रंगात आली की कॉल तुटतो, म्हणून दुसरी लिंक आधीच तयार ठेवावी. आयफोनवाल्यांच्या फेसटाइमची लिंक 2021पासून अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्येही उघडते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

पायरी 4: उघडल्या उघडल्या काय करायचं

अ‍ॅप प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या. "गुलाबी व्हॉट्सअ‍ॅप" किंवा जास्त सोयींची आवृत्ती म्हणून कोणी लिंक पाठवली तर ती उघडायचीच नाही.

खातं सुरू झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चार गोष्टी करायच्या, आणि त्या मी लोकांना समोर बसवून करायला लावतो, कारण "नंतर करतो" म्हटलेलं कोणी करत नाही.

एक, सेटिंग्जमध्ये अकाउंट उघडून टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. सहा आकडी पिन ठरवायचा. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. ईमेलही जोडा, म्हणजे पिन विसरलात तर मार्ग राहतो.

दोन, प्रायव्हसीमधल्या ग्रुप्समध्ये "माय कॉन्टॅक्ट्स" निवडा. नाहीतर शेअर बाजारात पैसे दुप्पट करून देणाऱ्या कुठल्या तरी ग्रुपमध्ये कोणीही तुम्हाला ओढतं.

तीन, प्रायव्हसीतच कॉल्समध्ये अनोळखी नंबरांचे कॉल गप्प करायची सोय आहे, ती चालू करा. कॉल आलेला यादीत दिसतो, फक्त घंटा वाजत नाही.

चार, फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद करा. फोन भरला म्हणून जे लोक नवा फोन घ्यायला निघतात त्यांच्या गॅलरीत निम्मे फोटो सूर्योदय, गुलाब आणि सुविचारांचे असतात.

मराठीत टाइप करायचं जमत नसेल तर गूगलचा जीबोर्ड घ्या आणि त्यात मराठी भाषा जोडा. त्यात रोमन अक्षरांत "kasa aahes" लिहिलं की "कसा आहेस" उमटेल असाही प्रकार आहे. नाहीतर माइकचं चित्र दाबून बोला, ते लिहून घेतं. आजीच्या पिढीला हे दुसरं जास्त आवडतं. विरामचिन्हं मात्र बऱ्याचदा येत नाहीत, ती आपण मनात घालून वाचायची.

पायरी 5: ग्रुप चालवायचा कसा

ओळखी मेसेजअभावी तुटतात त्यापेक्षा मेसेजच्या ढिगाऱ्याखाली जास्त तुटतात. "दहावी अ, बॅच 1991" असा सत्तर जणांचा ग्रुप घ्या. सकाळी सहा ते आठ शुभ प्रभात, दुपारी राजकारण, संध्याकाळी कोणीतरी कोणावर तरी चिडून बाहेर पडतो. त्यात मंगळवारी एकाने लिहिलेलं असतं, "आई अ‍ॅडमिट आहे, बी पॉझिटिव्ह रक्त लागतंय". वर लगेच तीन विनोद आणि एक देवाचा फोटो येऊन बसतो. सत्तरपैकी चौघांनी ते वाचलेलं असतं.

म्हणून मोठ्या ग्रुपला घोषणेचा फळा समजा: लग्न, संमेलन, निधन, मदत. त्याला म्यूट करा आणि रोज एकदाच बघा. महत्त्वाचा मेसेज अ‍ॅडमिनने वरती पिन करून ठेवावा. खऱ्या गप्पांसाठी पाच-सहा जणांचा वेगळा ग्रुप काढा, त्याला म्यूट करू नका आणि चॅटच्या यादीत सर्वांत वर पिन करा. तो लहानच राहू द्या. सातवा माणूस आला की दोघं बोलायचे थांबतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

ग्रुप सोडायचाय पण कोणाला वाईट वाटू नये, अशी अडचण मराठी माणसाला फार येते. 2022पासून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप सोडल्याचं फक्त अ‍ॅडमिनला कळवलं जातं. तरी कोणी मुद्दाम शोधलं तर मागच्या 60 दिवसांत कोण बाहेर पडलं याची यादी ग्रुपच्या माहितीत दिसते. त्यापेक्षा आर्काइव्ह करा. सभासद राहता, नजरेआड होतो, भावजयही दुखावत नाही.

अ‍ॅडमिन व्हायला लोक घाबरतात, "कोणी काही टाकलं तर पोलीस मला धरतील." गोंदियातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021मध्ये सांगितलं की सभासदाने आक्षेपार्ह मेसेज टाकला एवढ्यावरून अ‍ॅडमिन दोषी ठरत नाही, त्यात त्याचा सामायिक हेतू किंवा पूर्वनियोजन दिसायला हवं. तरी अशी पोस्ट दिसली की अ‍ॅडमिनने ती काढून टाकावी. ती सोय त्याच्या हातात असते, आणि ग्रुपमधली शांतता त्याने टिकते.

ढकलपत्रांबद्दल एवढंच: मेसेजवर दुहेरी बाणाची खूण दिसली तर तो अनेकदा फिरून आलेला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो, बाकीचे भारतात पाच चॅटना. झुंडबळीच्या घटनांनंतर 2018मध्ये ही पाचची मर्यादा आली. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात त्याच वर्षी 1 जुलैला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांना जमावाने मारलं होतं. तेव्हा ढकलण्याआधी थोडं थांबा.

पायरी 6: नव्या ओळखी करताना

नव्या शहरात गेलात, कोणी ओळखीचं नाही, अशा वेळी ज्या अड्ड्यावर लोक प्रत्यक्ष काही करतात तिथे शिरा: धावणारे, ट्रेकर, वाचनकट्टा, परदेशात असाल तर गावातलं महाराष्ट्र मंडळ. नुसत्या "मित्र हवेत" अशा ग्रुपमध्ये फारसं काही हाती लागत नाही. आधी आठवडाभर गुपचूप वाचा, लोक एकमेकांशी कसे बोलतात ते कळतं. पहिली भेट दिवसा, गर्दीच्या जागी, आणि घरच्या कोणाला तरी सांगून.

फसवणुकीचा एक प्रकार नवख्यांना हमखास गाठतो. जुन्या मित्राच्या नंबरवरून मेसेज येतो: "अरे, माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्याकडे आलाय, पाठव ना." प्रत्यक्षात त्या मित्राचं खातं आधीच कोणीतरी पळवलेलं असतं, आणि आता तोच चोर स्वतःच्या फोनवर तुमच्या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप उघडू बघतोय. तो कोड त्याचा नसतो, तुमच्याच खात्याची किल्ली असते. दिलात की तुमच्या नावाने तुमच्या मावशीकडे वीस हजार मागितले जातात. कुरिअरवाला म्हणून "*401* लावून मग हा नंबर फिरवा" असं सांगणारे त्याच पंथातले. त्याने तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात आणि फोनवरून सांगितला जाणारा कोडही त्यांनाच ऐकू येतो.

मित्राने पैसे मागितले तर चॅटमध्ये विचारू नका, साधा फोन लावून आवाज ऐका. खातं गेलंच तर घाबरून फोन बंद करू नका. व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाका, आपल्या नंबरवर नवा कोड मागवा, तो भरला की चोर आपोआप बाहेर पडतो. त्याने मधल्या वेळात स्वतःचा पिन लावला असेल तर 7 दिवस थांबावं लागतं, पण तोवर तोही आत नसतो. खातं परत आल्यावर लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी संगणक दिसतोय का तेही पाहा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम मधेच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पायरी 7: अ‍ॅप बंद पडलं तर

ऑर्कुट 2014मध्ये गेलं, याहू मेसेंजर 2018मध्ये, हाइक 2021मध्ये आणि परदेशातल्या मुलांशी बोलायला ज्याने घराघरांत वेबकॅम आणला ते स्काइप 5 मे 2025ला. प्रत्येक वेळी काही माणसं अशी हरवली की ज्यांचं फक्त तिथलं टोपणनावच आपल्याकडे होतं. म्हणून नवी ओळख पक्की झाली, दोन-चार महिने टिकली, की ईमेल पत्ता किंवा नंबर मागून घ्या आणि फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये ठेवा. तो कॉन्टॅक्ट गूगल खात्यात साठतोय ना, हेही एकदा पाहून घ्या.

गप्पांचं म्हणाल तर टेलिग्राम नव्या फोनवर उघडलं की नेहमीच्या गप्पा जशाच्या तशा येतात. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये जातो आणि तिथल्या 15 जीबी जागेत मोजला जातो. व्हिडिओ वगळले तर बराच काळ पुरतो. त्या बॅकअपला कुलूप लावायची सोय वेगळी आहे, चॅट बॅकअपमध्ये जाऊन ती चालू करावी लागते, आणि तिचा पासवर्ड विसरलात तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही. सिग्नलचा बॅकअप आपण स्वतः सुरू केल्याशिवाय होत नाही. परदेशात जाऊन तिथलं सिम घेतलं तरी भारतातला नंबर चालू ठेवा. तो बरेच महिने वापरात नसला की कंपनी दुसऱ्याला देते. आणि कायमचाच बदलणार असाल तर जुनं सिम चालू असतानाच व्हॉट्सअ‍ॅपच्या "चेंज नंबर"मधून खातं नव्या नंबरवर न्या.